चिलिकाच्या उथळ पाण्यावर पाच दिवस

पहिला दिवस : मंगलाजोडी

बारा वर्षांपूर्वी पुरीहून एका दिवसाची सहल काढून मी ओडिशाच्या किनाऱ्यावरचे चिलिका सरोवर पाहिले होते. त्या वेळी सातपाड्याच्या धक्क्यावरून सुटलेल्या मोटारबोटीत, डॉल्फिनच्या पाठीचा करडा तुकडा दिसताच "अजून जवळ घ्या" असे ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता, आणि परतल्यावर त्या दिवसाची आठवण म्हणून इंजिनाचा धूर, अंगावर उडालेले पाणी आणि एक धूसर छायाचित्र एवढेच माझ्यापाशी उरले होते. या खेपेस पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी बरोबर होती, हाताशी पाच दिवस होते, आणि सरोवर जेवढे दाखवील तेवढे पाहायचे, कशाच्याही मागे लागायचे नाही, असे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. घरी बसून असे ठरवणे सोपे असते.

भुवनेश्वरहून महामार्गाने टांगीपर्यंत आणि तिथून आत वळून मंगलाजोडीला पोहोचलो तेव्हा डिसेंबरातले ऊन कलले होते. गावाच्या पुढे एक मातीचा बांध थेट दलदलीत शिरतो. दोन्ही बाजूंना नळाचे आणि पाणकणसाचे दाट रान, त्यातून होड्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या पाण्याच्या वाटा, आणि त्यापलीकडे दिसेनासे होईपर्यंत पाणी. होडीची वेळ टळून गेली होती, त्यामुळे आम्ही बांधावरच बसून राहिलो. दुर्बीण लावण्याचीही गरज नव्हती. शेकाटे आणि वंचक आमच्यापासून दहा पावलांवर चिखल चाळत होते आणि आमची फारशी दखल घेत नव्हते.

दुसरा दिवस : मंगलाजोडी

पहाटे साडेपाचला होडीवर गेलो. इथल्या दलदलीत पर्यटकांच्या होड्यांना इंजिन नसते. सपाट बुडाची, डांबर फासलेली लाकडी होडी, मागे उभा राहून लांब बांबू तळाला टेकवत ती रेटणारा नावाडी, आणि पुढे पक्ष्यांच्या चित्रांचे जीर्ण पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला वाटाड्या, अशी सगळी व्यवस्था. वाटाड्याने निघताना हिंदीत तीनच गोष्टी सांगितल्या: उभे राहू नका, हात बाहेर काढून बोट दाखवू नका, आणि बोलायचे असेल तर शेजारच्याला ऐकू येईल एवढेच बोला. मुलीने विचारले की, हात का नाही. तो म्हणाला, पक्ष्याला बंदूक आणि बोट यांतला फरक कळत नाही.

हे वाक्य त्याने सहज उच्चारले असले तरी त्याच्यामागे या गावाचा इतिहास आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत मंगलाजोडीची ख्याती पक्ष्यांच्या शिकारीसाठी होती; बंदुकीने आणि विषाने मारलेली बदके इथून बाजारात जात आणि अनेक घरे त्यावर चालत. 'वाइल्ड ओरिसा' या संस्थेने गावकऱ्यांशी बोलणी सुरू केली, त्यातून पक्षी-संरक्षणाची समिती उभी राहिली, आणि कालचे शिकारी राखणदार व पुढे वाटाडे झाले. ज्याला पक्ष्याची चाहूल ओळखून त्याच्या जवळ कसे जायचे हे ठाऊक असते, त्यालाच कुठे थांबायचे हेही ठाऊक असते. आमच्या वाटाड्याचे वडील पूर्वी काय करत होते, हे मी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही.

धुके विरले तसे पक्षी दिसू लागले. तलवार बदकांचे आणि थापट्यांचे मोठमोठे थवे, पाण्यावर डोके हलवत पोहणारे काळे वारकरी, पाणकणसाच्या बुडाशी जांभळ्या पाणकोंबड्या, थोड्या दूर चक्रवाकांची जोडी. सगळ्यांत जास्त वेळ आम्ही थांबलो तो काळ्या शेपटीच्या मालगुजांपाशी. हा पक्षी लांब, सरळ चोच चिखलात डोळ्यांपर्यंत खुपसतो, मग क्षणभर स्तब्ध राहतो, जणू काही ऐकतो आहे, आणि डोके वर काढतो तेव्हा चोचीच्या टोकाशी एखादा किडा वळवळत असतो. कपाळाला लागलेला चिखल तसाच वाळू देत तो पुढे सरकतो. वीसेक पक्ष्यांचा तो गट एका रेषेत, जवळजवळ पावलाला पाऊल जुळवून, आमच्या दिशेने खात खात येत होता, आणि नावाड्याने बांबू तळात रोवून होडी जागच्या जागी धरून ठेवली होती. आम्ही त्यांच्याकडे गेलो असतो तर ते उडाले असते; आम्ही थांबलो म्हणून ते आले.

मग माझ्या हातून चूक झाली. पलीकडच्या मोकळ्या चिखलावर पट्टकादंब उतरल्याचे मुलीने सांगितले, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा तो हंस पाहण्याच्या उतावीळपणात मी अर्धवट उभा राहिलो. मालगुजा उडाले. त्यांच्याबरोबर शेजारची बदके उडाली, बदकांमुळे त्यांच्या मागची, आणि काही क्षणांत तो सारा भाग मोकळा झाला. वाटाडा मला काहीही बोलला नाही. त्याने नावाड्याला खूण केली, आणि होडी तशीच रोवून आम्ही सगळे वीस मिनिटे गप्प बसून राहिलो. ती वीस मिनिटे मला फार लांब वाटली. शेवटी पाचसात मालगुजा परतले, बाकीचे आले नाहीत.

नंतर बांधावर चहा घेताना त्याने हिशेब समजावून सांगितला. हे पक्षी इथे येतात ते हिवाळाभर खाऊन अंगावर चरबी चढवायला. मार्चच्या सुमारास परतीच्या हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी तीच शिदोरी. एकदा उडवले की खाण्याचा वेळ जातो आणि उडण्यात साठवलेले खर्च होते. एका होडीने दिवसातून एकदा उडवले तर फारसे बिघडत नाही. पण हंगामात रोज अनेक होड्या निघतात, आणि प्रत्येक होडीतल्या माणसाला आपण एकटेच आलो आहोत असे वाटत असते.

त्याच सकाळी दुसऱ्या होडीत मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ होते आणि ते आपल्या नावाड्याला पुन्हा पुन्हा म्हणत होते, "एकदा उडवा ना, उडतानाचा फोटो पाहिजे." नावाडी हसून मान हलवत होता आणि होडी मात्र हलवत नव्हता. थोड्या वेळाने नळाच्या रानावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, पंख वर धरून, खाली पाहत, अगदी सावकाश. सगळे आकाश पक्ष्यांनी भरून गेले, आणि त्या गृहस्थांना त्यांचे छायाचित्र मिळाले असावे. भोवत्या पुढे गेल्यावर थवे लगेच खाली उतरले. माझ्यामुळे उडालेले इतक्या लवकर उतरले नव्हते, हे मुलीने वहीत नोंदवून ठेवले आहे.

तिसरा दिवस : बरकुल, नलबण, कालीजाई

मंगलाजोडीहून दक्षिणेला बालूगावजवळच्या बरकुलला मुक्काम हलवला. इथे सरोवर एकदम मोकळे होते. मागे पूर्व घाटाच्या टेकड्या आणि समोर क्षितिजापर्यंत पाणी. पावसाळ्यात सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आणि उन्हाळ्यात सुमारे ९०६ चौरस किलोमीटर पसरणारे हे खाजण सरोवर, म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून वेगळे झालेले पण मुखातून त्याला जोडलेले पाणी, इतके विस्तीर्ण दिसते की ते खोल असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात बऱ्याच भागात त्याची खोली दोन मीटरही नाही. माझ्या मते चिलिकाला येणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी ही एक गोष्ट लक्षात घेऊन यावे, कारण बाकीचे सगळे तिच्यापासून सुरू होते. खोल समुद्रात बोटीचे पाते पाण्यात फिरते. इथे ते जवळजवळ जमिनीवर फिरते.

याचा पुरावा आम्हाला तासाभरातच मिळाला. नलबणच्या दिशेने जाताना इंजिनाचा आवाज जड झाला आणि बोट थांबली. नावाडी पँट गुडघ्यावर सारून सरळ पाण्यात उतरला, आणि किनारा कित्येक किलोमीटर दूर असताना तो मांडीभर पाण्यात उभा होता. त्याने लांब दांड्याचे पाते उचलून आमच्यासमोर धरले. त्याला फितीसारख्या हिरव्या पाणगवताची जाड वेणी गुंडाळली गेली होती, त्या वेणीत नायलॉनच्या जाळ्याचा हातभर तुकडा होता, आणि जाळ्यात अडकलेली बोटाएवढी एक कोळंबी अजून पाय हलवत होती. त्याने आधी कोळंबी सोडवून पाण्यात टाकली, गवत ओढून काढले, आणि जाळ्याचा तुकडा मात्र परत पाण्यात न टाकता बोटीच्या तळाशी ठेवला. "हे कोणाचे तरी आहे," तो म्हणाला. पाण्यात बांबू रोवून लावलेली जाळ्यांची कुंपणे दुरून रेघांसारखी दिसतात. जवळच्या वाटेच्या मोहाने बोटी त्यांच्यावरून गेल्या की मासेमाराचा दिवस बुडतो. पाणगवताचे रान माशांच्या आणि खेकड्यांच्या पिलांचे घर असते, आणि पात्याने कापलेला पट्टा सहजी भरून येत नाही. त्यानंतर त्याने बोट दूरच्या, खोल वाटेने नेली. अर्धा तास जास्त लागला.

नलबण म्हणजे नळाचे वन. साडेपंधरा चौरस किलोमीटरचे हे बेट पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात पाणी ओसरले की वर येते. त्याच्या चिखलावर हिवाळ्यात लाखो पक्षी उतरतात. १९८७ साली ते अभयारण्य घोषित झाले. गेल्या काही वर्षांत जानेवारीत होणाऱ्या गणनेत संपूर्ण सरोवरातील पाणपक्ष्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे, आणि त्यांतला मोठा वाटा या बेटाचा असतो. हंगामात आत जाण्यास मनाई असते, हद्दीवर खांब रोवलेले आहेत, आणि बोटींनी त्यांच्याबाहेरूनच जायचे. आम्ही बाहेर थांबून जे पाहिले ते म्हणजे क्षितिजालगत एक फिकट गुलाबी रेघ, जी दुर्बिणीतून पाहिल्यावर रोहित पक्ष्यांची निघाली. शेजारच्या बोटीतील मंडळींची निराशा झाली, आणि इतक्या दूर आणून काही दाखवलेच नाही, अशी तक्रार आमच्यापर्यंत ऐकू आली. मला त्यांचा राग आला नाही; बारा वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. मात्र पैसे देऊन पाहायला आलेल्या माणसाला 'दुरूनच पाहायचे आहे' हे तिकिटाच्या खिडकीवरच स्पष्ट सांगितले तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील, असे वाटते.

परतीच्या वाटेवर कालीजाईच्या बेटावर उतरलो. लग्न होऊन सासरी निघालेली जाई नावाची मुलगी वादळात इथे बुडाली आणि देवी झाली, अशी कथा आहे. नावाडी आजही बेटाजवळून जाताना हात जोडतात. दर्शन झाले. देवळामागच्या खडकांत फुलांचे हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या अडकून पडल्या होत्या, आणि त्यांत संत्र्यांच्या साली पुष्कळ होत्या. साल कुजून जाते म्हणून ती टाकणाऱ्याला अपराधी वाटत नाही, हे खरे. पण सालीच्या शेजारी पुढचा माणूस पिशवी टाकतो. आमचा कचरा आम्ही बरोबरच्या कापडी थैलीत भरून आणला, आणि चार तासांच्या बोटीच्या प्रवासात स्वच्छतागृह नसते हे ठाऊक असल्याने निघण्यापूर्वीच त्याची सोय पाहिली होती. या विषयावर प्रवासवर्णनात कोणी लिहीत नाही, पण सरोवराच्या पाण्याचा विचार करायचा तर तो इथूनही करावा लागतो.

चौथा दिवस : रंभा ते सातपाडा

हा दिवस मुख्यतः रस्त्यावर गेला. दक्षिण टोकाला रंभा, तिथून पालूरच्या बाजूने वळसा घालून जान्हीकुदा, आणि पुढे वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने सातपाडा. रंभाच्या समोर छोटी खडकाळ बेटे दिसतात आणि त्यांच्यावर उतरून वनभोजन करण्याची अनेकांना हौस असते. यांपैकी बरकुडा नावाच्या बेटावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल यांना पाय नसलेली, मातीखाली राहणारी एक सापसुरळी सापडली, आणि १९१७ साली त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या नावात आजही त्या बेटाचे नाव आहे. झाडाखालच्या पाचोळ्यात चूल मांडणाऱ्याला आपल्या चुलीखाली कोण राहते याची कल्पना असणे शक्य नाही, म्हणूनच बेटावर न उतरणे बरे. आम्ही किनाऱ्यावरूनच पाहिले आणि पुढे निघालो.

सातपाड्याला संध्याकाळी धक्क्यावर जाऊन दुसऱ्या दिवसाच्या बोटीचे बोलणे केले. हे बोलणे आदल्या दिवशी करणे महत्त्वाचे आहे, कारण बोट सुटल्यावर नावाडी आपल्याला खूश करण्याच्या घाईत असतो. आमचा नावाडी पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ होता. इंजिन बंद करून थांबायचे, डॉल्फिनच्या मागे जायचे नाही, आणि दिसले नाहीत तरी ठरलेले पूर्ण पैसे द्यायचे, असे आम्ही सांगितले तेव्हा त्याने तिसरी अट पुन्हा एकदा वदवून घेतली. डॉल्फिन दिसला नाही म्हणून पैसे कापणारे लोक त्याला नेहमी भेटतात. मागे लागण्याची सवय नावाड्यांना आपणच लावली आहे, हे त्याने बोलून दाखवले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होते.

पाचवा दिवस : सातपाडा आणि समुद्राचे मुख

सकाळी सातला निघालो. बाहेरच्या खाडीत पोहोचल्यावर नावाड्याने इंजिन बंद केले आणि नांगर टाकला. पाण्याचा बोटीच्या लाकडावर होणारा आवाज तेवढा उरला.

चिलिकात आढळतो तो इरावती डॉल्फिन. त्याला लांब तुंड नसते. डोके वाटोळे, पाठीवरचा पर लहानसा, आणि समुद्रातल्या भाईबंदांप्रमाणे उंच उड्या मारण्याची त्याला सवय नाही. या सरोवरात त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे, आणि जाळ्यात अडकणे व बोटीच्या पात्याने जखमी होणे ही त्यांच्या मृत्यूची मोठी कारणे आहेत. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा आवाजावर जगतो. स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो आणि सोबत्यांचा ठाव ठेवतो. त्याच्या भोवती चार इंजिने गरजत असतील तर त्याची अवस्था भर बाजारात कुजबुज ऐकू पाहणाऱ्यासारखी होत असणार.

चाळीस मिनिटे काहीच झाले नाही. मुलगी कंटाळली, पत्नीने डोळे मिटले. मग आमच्या डाव्या हाताला, डोळ्यांना काही दिसण्यापूर्वी, एक 'फूस्' असा लहान, ओला आवाज आला, एखाद्याने दमून सुस्कारा टाकावा तसा. वळून पाहिले तर पाण्यावर फक्त वर्तुळ होते. पुन्हा आवाज, आणि या वेळी करडे, गुळगुळीत कपाळ वर आले, पाठ आली, त्रिकोणी पर आला आणि सगळे घाई न करता खाली गेले. तिथे तीन होते, त्यांतला एक लहान, जो मोठ्याला जवळजवळ चिकटून वर येत होता. प्रत्येकाच्या श्वासाचा आवाज वेगळा आहे, हे थोड्या वेळाने आम्हाला कळू लागले. बारा वर्षांपूर्वी मी हा आवाज ऐकलाच नव्हता.

दहा मिनिटांनी दुरून एका बोटीने आम्ही थांबलेले पाहिले आणि ती आमच्याकडे वळली, तिच्यामागून आणखी तीन आल्या. त्यांनी वर्तुळ धरले. डॉल्फिन एकदा वर आले, बोटी तिकडे धावल्या, आणि पुन्हा काही ते दिसले नाहीत. आमच्या नावाड्याने त्या बोटीवाल्यांना ओडियात काहीतरी ऐकवले. उत्तरादाखल तिकडून हात हलवून हसणे आले. बोटींमध्ये अंतर राखण्याचे, फेऱ्या न मारण्याचे नियम धक्क्यावरच्या फलकावर आम्ही सकाळीच वाचले होते. फलक पाण्यात येत नाही.

तिथून समुद्राच्या मुखाकडे गेलो. किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह इथे वाळू ईशान्येकडे लोटत राहतो, त्यामुळे जुने मुख सरकत आणि अरुंद होत गेले होते; भरतीचे पाणी आत येईना, उत्तरेकडून दया आणि भार्गवी यांसारख्या महानदीच्या शाखांनी आणलेला गाळ बाहेर जाईना, खारटपणा घटून पाणवनस्पतींनी सरोवर झाकू लागले आणि मासळी कमी झाली. १९८१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत असलेले चिलिका १९९३ साली संकटग्रस्त पाणथळींच्या नोंदीत गेले. चिलिका विकास प्राधिकरणाने २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूचा दांडा कापून नवे मुख उघडले, मासळी काही पटींनी वाढली, आणि २००२ साली चिलिका त्या नोंदीतून बाहेर आले. एवढे सगळे वाचून गेलो असल्यामुळे असेल, पण भरतीचे निळसर पाणी आतल्या मातकट पाण्यात शिरताना जी वेडीवाकडी सीमा दिसत होती, तिच्याकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

वाळूच्या दांड्यावर उतरताच एका मुलाने प्लॅस्टिकचा डबा पुढे केला. त्यात लाल खेकडे एकमेकांवर चढत होते. फोटो काढा, हातात घ्या. पलीकडे एक जण शिंपला फोडून आत मोती 'सापडल्याचे' दाखवत होता. मोती शिंपल्यात कसा येतो हे पाहणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागतो, पण शिंपला मेलेला असतो हे लगेच कळते. आम्ही दोन्हींना नको म्हटले. डब्यातल्या खेकड्यांसाठी त्या मुलाला पैसे देऊन ते सोडवावेत, असे मुलीच्या मनात होते. नावाड्याने तिला सांगितले की, तसे केले तर उद्या तो दोन डबे भरील. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी नव्हते, तिथे वाळू दुरून लालसर दिसत होती, आणि आम्ही पाऊल टाकताच ती सगळी बिळांत गेली. मग आम्ही बसलो, आणि पाचएक मिनिटांनी आधी डोळ्यांचे दांडे, मग नांग्या, अशी एकेक करून ती परत वर आली.

दुपारी पुरीच्या बसने निघायचे होते. मंगलाजोडीचा चिखल अजून बुटांच्या तळव्यांत घट्ट बसला होता. एका पाणथळीतली बी-बियाणी आणि जीव दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून निघण्यापूर्वी नळाखाली बूट घासायला मुलगी बसली. काडीने माती उकरताना तिच्या बुटातून मसुराच्या डाळीएवढी एक गोगलगाय निघाली. ती मेली असावी असे मला वाटले, पण तळहातावर पाण्याचा थेंब टाकल्यावर तिने अंग बाहेर काढले. मंगलाजोडी आता शंभराहून अधिक किलोमीटर मागे राहिली होती, आणि इथले पाणी त्याहून खारट. शेवटी झाकणात ओला चिखल घेऊन ती भुवनेश्वरपर्यंत न्यायची आणि मंगलाजोडीकडे परतणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची असे ठरले. बसचा वाहक दुसऱ्यांदा हाका मारत होता, आणि मुलगी झाकण दोन्ही हातांत सरळ धरून, पायऱ्यांवर न अडखळता, सगळ्यांत शेवटी बसमध्ये चढली.